हबारी, मुझुरी आणि बैहरची बस

आमच्या शेजारच्या सुभेदार काकाजींच्या फाटकावरून सरळ पुढे निघून गेलेला माणूस बालाघाटात अजून जन्मायचा आहे. मी बैहरच्या शाळेत शिकवते. सकाळची बस गल्लीच्या तोंडाशी येते आणि कुणासाठी थांबत नाही. काकाजी मात्र फाटकात खुर्ची टाकून माझ्यासाठीच थांबलेले असतात.

"हबारी?" ते विचारतात.

म्हणजे काय खबर. "मुझुरी," मी चालता चालता म्हणते. म्हणजे छान. एवढ्यावर सुटका झाली असती तर हे लिहायला मी बसलेच नसते. यानंतर हबारी घरची, हबारी कामाची, हबारी पोरांची, आणि आमच्या मांजरीला पिल्लं झाल्यापासून तिचीही. साधं जयभीम म्हणून माणसाला सोडून द्यावं की नाही? पण नाही, प्रत्येक हबारीला वेगळं मुझुरी द्यावं लागतं. एकदा मी सगळ्यांचं मिळून एकच मुझुरी देऊन पाहिलं, तर काकाजींनी खुर्चीतूनच हात आडवा केला.

"पोले पोले, बाई! मानूस का किराना आहे, ठोक भावानं द्याले?"

पोले पोले म्हणजे हळूहळू. हे त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं आणि तेवढ्यात बस गेली. हेडमास्तरांना मी काय सांगू? आफ्रिकेमुळे उशीर झाला?

ही भाषा स्वाहिली. मॅट्रिकला इंग्रजीत आपटी खाल्लेला हा रामपायलीचा गडी फौजेत गेला, शांतिसेनेच्या तुकडीबरोबर काँगोत पोचला आणि येताना ही भाषा घेऊन आला. लोक परदेशातून घड्याळं आणतात.

तो किस्सा आता मला तोंडपाठ आहे. साहेबांनी सगळ्या जवानांना कामापुरती वाक्यं शिकवली होती: थांबा, हात वर करा, बंदूकवाले कुठे गेले. काकाजींनी ती घोटून घोटून पाठ केली आणि पहिल्याच गावात शिरून खणखणीत आवाजात विचारलं, बंदूकवाले कुठे गेले? एकानेही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्या गावातही तेच. शेवटी चौकीच्या फाटकाशी केळी विकणाऱ्या एका म्हातारीनं त्यांची शिकवणी घेतली.

"ते बुढी मने," काकाजी सांगतात, "आल्या आल्या कामाचं इचारतो, तुले माय-बाप नाही का? आधी घरचं इचार. आन आपल्याले कोनी इचारलं त आधी मुझुरीच म्हनाव. घरात मयत असंन तरी. मंग जरा दम घेऊन म्हनाव, लाकीनि."

लाकीनि म्हणजे आपलं लेकिन. खरी गोष्ट त्याच्या पुढे येते.

"दुःख दारातच आदळू नाही, बाई. समोरच्याले बसू द्याव, मंग सांगाव."

शिकवण सोन्यासारखी आहे, पण ती आमच्या गॅसवाल्याच्या खांद्याला कशी कळावी? तो बिचारा भरलेला सिलेंडर घेऊन फाटकात उभा असतो आणि काकाजी त्याच्या पोरांची हबारी घेत असतात.

"बाबूजी, पहले सिलेंडर तो उतारने दो!"

"पोले पोले. छोटीचा ताप उतरला का?"

भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत होते. तरीही दर वेळी तो सिलेंडर ठेवून पुन्हा फाटकाशी येतो आणि छोटीचं सांगून जातो. हे मला काही समजत नाही.

एकदा काकी विहारात गेल्या होत्या आणि यांच्या स्वयंपाकघरातून धूर यायला लागला. मी धावत गेले. "काकाजी, धूर!"

"हबारी?" काकाजी.

"मुझुरी! मुझुरी, मुझुरी, मुझुरी, लाकीनि तुमची डाळ जळून राह्यली!"

लाकीनि ऐकताच मात्र ते तोफगोळा पडल्यासारखे उठले.

काकींनी आफ्रिका नकाशातसुद्धा पाहिली नसेल, पण दिवसाची पहिली हबारी त्यांची. तांदूळ निवडता निवडता त्या आतून मुझुरी, मुझुरी म्हणत राहायच्या. "कंटाळा येत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"येते ना," काकी म्हणाल्या. "पन मी नाही बोलली त ह्याइनं कोनाशी बोलाव?"

मागच्या महिन्यात काकींचं पोट दुखायला लागलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. गाठ आहे म्हणाले, कसली ते रिपोर्टवर ठरणार होतं. मुलगा तिथेच राहिला आणि रिपोर्ट आला त्या दिवशी काकाजी काकींची लुगडी न्यायला एकटेच घरी आले. सगळी गल्ली फाटकाशी जमली.

"रिपोर्ट क्या आया?"

"डॉक्टर काय मनते?"

"ऑपरेशन करा लागते काय?" हे मी विचारलं.

काकाजी सगळ्यांना "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाले, हात जोडले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची फाटकातच होती आणि काकाजी खुर्चीत होते. पायाशी लुगड्यांची पिशवी. मी समोरून गेले तरी त्यांनी मान वर केली नाही. इतकी वर्षं ज्या सुटकेसाठी मी चरफडत होते ती आयती मिळाली, आणि मला ती सोसवेना. मी मागे फिरले.

"हबारी, काकाजी?"

त्यांनी दचकून पाहिलं. "मुझुरी."

कामाची हबारी विचारली. मुझुरी. पोराची विचारली. मुझुरी. स्वतःहून आमच्या मांजरीचंही सांगून टाकलं. मग एकच हबारी उरली. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती.

"घरची हबारी?"

"मुझुरी," काकाजी म्हणाले. मग त्यांनी दम घेतला. "लाकीनि..."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. काकाजींनी घाईघाईनं डोळे पुसले. "तुमची बस आली, बाई. जा तुमी. उशीर होऊन राह्यला."

मी पर्स पायरीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"पोले पोले, काकाजी," मी म्हणाले. "लाकीनि काय?"