तीजांची सातवी रल्ली

लेकीच्या, तीजांच्या, लग्नातली सातवी गोधडी, म्हणजे आमची रल्ली, आपण स्वतः शिवायची हे माझं मीच ठरवलं. (याआधी घरात मी ठरवलेली गोष्ट म्हणजे बकरीचं नाव. तेही नंतर बदललं.)

झालं असं, की त्याच बकरीने दोरीला हिसडा दिला आणि माझ्या बायकोचं, हुरमीचं, मनगट मुरगळलं. सहा रल्ल्या तयार होत्या. सातवीसाठी तिने वर्षानुवर्षं जपलेल्या चिंध्या जोडून वरचं पान केलं होतं. त्यात तीजांची झबली होती, माझ्या आईची ओढणी होती, माझा विटका सदरा होता. आता खाली जुने घागरे पसरून टाके तेवढे घालायचे राहिले होते. आमच्याकडे आधी रल्ल्या मोजतात, मग सून नेतात. सातचा शब्द दिलेला, आणि तीजांची होणारी सासू धापूबाई दोन दिवसांत मोजायला येणार होती.

“शेजारणींना बोलावते,” हुरमी म्हणाली.

“काही नको.” चार बायका रल्लीभोवती बसल्या की टाके कमी आणि माझ्या उखाळ्यापाखाळ्या जास्त. “सरळ टाके तर घालायचे. उमरकोटच्या पोस्टात जन्मभर उसवलेली पार्सलं शिवलीत मी.”

“पार्सल कोणी पांघरत नाही.”

मी ऐकलं नाही. कडेपासून सुरुवात केली आणि एकेक टाका पार्सलासारखा गच्च आवळला. कडा आकसत गेल्या, कापड आत सरकत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मधोमध भलंमोठं टेंगूळ उभं राहिलं.

“बापू, आत कोणी झोपलंय का?” तीजांने विचारलं.

मी टेंगळावर जातं ठेवलं. मग स्वतः बसलो. मी उठलो की तेही उठायचं.

“उसवा आता,” हुरमी म्हणाली.

“उसवायचं नाही.” माघार आमच्या रक्तात नाही. (अक्कलही नाही, असं आई म्हणायची.) दातओठ खाऊन मी टेंगळाच्या बरोबर मधून एक ओळ घातली. टेंगूळ दबलं आणि दोन्ही बाजूंना एकेक वर आलं.

तीजांने आजीच्या ओढणीचा तुकडा चाचपला आणि डोळे पुसले. “उसवतो गं,” म्हणत मी सुई उचलली, तोच दारात उंट बसला. धापूबाई आली होती.

सहा रल्ल्या तिने उलगडून पाहिल्या, मान डोलावली. सातवी काही केल्या पसरेना.

“ही कसली?”

मी सुई पाठीमागे लपवली. हुरमी मात्र शांतपणे म्हणाली, “ही तुमच्या उंटाची. सून ज्याच्यावर बसून येणार तो का उघडा? तीजांच्या बापूंनी हौसेने शिवलीय.”

धापूबाईने रल्ली उंटाच्या पाठीवर टाकली. इकडून ओढली, तिकडून ओढली. उंटानेही मान वळवून पाहिलं. मी म्हटलं, मोडली सोयरीक.

“सात भरल्या,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. “टाकाही पक्का आहे. फक्त एक सांगा व्याहीबुवा, जन्म वाळवंटात काढलात, उंटाला वशिंडं किती ते कधी बघितलंच नाही का?”