तिसरं निळं घर

टक्!

दुपारच्या शांततेत फ्रिजवरचा वाघ पुन्हा खाली पडला. अंगठ्याएवढा चुंबकाचा वाघ आहे. रोज अडीचच्या सुमाराला फ्रिजची मोटर थरथरते आणि हा उडी मारतो. माझी लेक आरोही कुशीवर वळली, पण उठली नाही. सासूबाई पंख्याखाली झोपल्यायत. चारला पाणी येईल, तोवरचा वेळ माझा. तेवढ्यात हे लिहून टाकते, कारण तोंडाने सांगायची अजून हिंमत होत नाही.

आमच्या जंगल सफारीत आम्हाला दिसलेला हा एकमेव वाघ.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं. आमच्या काळाचौकीच्या चाळीत माझं एक स्थान आहे. ते मार्चमध्ये मिळालं. मी गॅलरीत बसून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या निवडत होते. अंगात गाऊन, केसांना तेल, नाकाला रुमाल. तेवढ्यात जिन्यावरून छत्री उंच धरलेला एक गाइड आणि त्याच्यामागे दहा-बारा पर्यटक वर आले. 'जुन्या गिरणगावाचं दर्शन' की काय ते. एक टोपीवाली बाई थेट आमच्या उंबऱ्यातून आत डोकावली, कपाटावरचे डबे बघितले, माझे फोटो काढले आणि मग गाइडकरवी मला सांगितलं, की सुपातल्या मिरच्या पुन्हा एकदा उडवा, उजेड छान आहे.

मी उडवल्या. वाऱ्याची दिशा बघून उडवल्या!

तीन मजले शिंकत खाली गेले ते लोक. वरून मी ओरडले होते, "हे घर आहे, म्युझियम नाही." ते वाक्य चाळीत अजून चालतं. आणि आमची सहा वर्षांची आरोही ती गोष्ट दूधवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली. सांगताना शेवटी माझ्याकडे अशी बघायची, की मला वाटायचं, जन्मात दुसरं काही नाही मिळालं तरी चालेल. पोरीच्या डोळ्यांतलं हे एवढं राहू दे.

तर मे महिन्यात मी जाहीर केलं, की या वर्षी सफारी! दोन रात्री, तीन दिवस, चंद्रपूरच्या पुढचं जंगल, आणि सगळं मी ठरवणार. विनीतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रजा मिळाली नाही. त्यामुळे मी, आरोही, सासूबाई आणि माझा दीर स्वप्नील असे चौघे निघालो. स्वप्नील एकोणतीस वर्षांचा, लग्नाचा. चार वर्षं सासूबाई त्याच्यासाठी मुली शोधतायत आणि चार वर्षं तो केस मागे वळवून फोटो काढून घेतोय. सफारीसाठी त्याने पानापानांच्या नक्षीचा शर्ट आणि तसलीच टोपी घेतली होती. लालबागच्या बाजारात तो त्या वेषात उभा राहिला तर सगळ्यांना दिसायचा, जंगलात मात्र दोनदा हरवला.

सकाळची सफारी थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यातच होती. फोन गेटवर जमा केले. तीन तास जिप्सीत बसलो. एक माकड, एका मोराची पाठ आणि वाघाच्या पायाचा ठसा पाहिला. आमचा गाइड आनंदा म्हणाला की ठसा ताजा आहे. सासूबाईंनी त्या ठशाला नमस्कार केला. आख्ख्या जंगलात त्या सकाळी एकच आवाज होता, तो त्यांच्या पिशवीतल्या चकल्यांचा.

म्हणजे बघा, वाघ नाही, फोटो नाही. माझ्या हातांना नुसती खाज सुटलेली. राहिली होती ती दुपारची 'गावभेट'. पॅकेजच्या कागदावर छापलं होतं: गावातील घराला भेट, पारंपरिक स्वागत, चहा-फराळ, यजमानांना मोकळेपणाने प्रश्न विचारा. कागदावरचं मी पाळते.

गावाच्या तोंडाशी आनंदा गाइडने गाडी थांबवली. गल्ली अरुंद होती. तो म्हणाला, "ताई, मी गाडी सावलीत लावून येतो. मीराबाईचं घर, तिसरं, निळं. थांबा पाच मिनिटं, सोबतच जाऊ."

मी कशाला थांबते? ज्या बाईने लग्न झाल्या झाल्या चार इमारतींच्या चाळीत लाइट गेलेले असताना स्वतःची खोली शोधली, तिला तीन घरं मोजता येणार नाहीत?

मोजली की. फक्त गावात गल्ल्या दोन होत्या आणि घरं सगळीच निळी.

तिसऱ्या निळ्या घरासमोर अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, लाल खुर्च्या ओळीत मांडलेल्या. दारात नवा सदरा घातलेले एक गृहस्थ उभे होते. मला वाटलं, पॅकेज भारी आहे!

"या नं, बसा," ते म्हणाले, "केव्हाची वाट पाहून राहिलो आम्ही. मुंबईचेच नं?"

मी म्हटलं, मुंबईचेच. त्यांनी विचारलं, सोबतचे मागून येताहेत का? मी म्हटलं, हो, गाडी लावतोय. त्यांचंही समाधान झालं, माझंही. दोघांपैकी एकाने जरी एखादा जास्त प्रश्न विचारला असता, तरी आज मी दुपारची झोपले असते.

पाय धुवायला पाणी आलं. आतून बायकांची कुजबुज आली. मग हातात पोह्यांचं ताट घेऊन एक मुलगी आली. जांभळी साडी, मान खाली. नाव दुर्गा. सगळ्यांना पोहे दिले, आरोहीला तिने थोडे जास्तच दिले, आणि समोर मांडलेल्या पाटावर येऊन बसली. मी आरोहीच्या कानात म्हटलं, "बघ, किती पारंपरिक."

आणि मी सुरू झाले. मोकळेपणाने.

सकाळी किती वाजता उठतेस? चुलीवर करतेस की गॅसवर? भाकरी येते? शिकलीस किती? ती म्हणाली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात पेपर आहेत. मी म्हटलं, "अरे वा, मग इंग्रजीपण येत असेल." हे मी कौतुकाने म्हटलं होतं. लिहिताना आत्ता कान गरम झाले.

मग हात बघितले. कुठेतरी वाचलं होतं की गावाकडे हातावर गोंदलेलं असतं. मी तिचे दोन्ही हात धरून उलटसुलट केले. गोंदलेलं काही नव्हतं, तळहातावर पेनाची शाई तेवढी होती. मी म्हटलं, असू दे.

आणि मग मला घागर सुचली. डोक्यावर घागर, मागे निळी भिंत, अहाहा! मी म्हटलं, जरा घागर घेऊन फाटकापर्यंत चालून दाखवतेस का? घरात नळ होता, त्यामुळे घागर नव्हती. शेजारून आणवली. दुर्गाने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी जमिनीकडे बघितलं. ती उठली आणि चालली. मी फोन काढून व्हिडिओ घेतला.

ऊन कॅमेऱ्यात येत होतं. मी म्हटलं, "पुन्हा एकदा चाल ना, या बाजूने."

ती पुन्हा चालली.

इकडे दुर्गाचे वडील स्वप्नीलशी बोलत होते. नोकरी कुठे, कायम आहे का, घरी कोण कोण. स्वप्नीलला वाटलं गावची माणसं चौकस असतात. तो ऐटीत उत्तरं देत होता, राहिलेली सासूबाई देत होत्या. दीडशे फुटाची खोली, पण काळाचौकीत. वर पोटमाळा. आता टॉवर होणार. मला कळेना, या एकाएकी एवढ्या खुलल्या कशा. तेवढ्यात त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि कानाशी आल्या.

"गो मेघना, माका आधी सांगूक काय झाला होता तुका? चेडू बरा आसा. फक्त तू तेका दोनदा चालवलंस ता माका आवडला नाय."

त्यांच्या मालवणीत चेडू म्हणजे पोरगी. मला वाटलं, उन्हाने झालं असेल. मी मान हलवली आणि निघायच्या तयारीला लागले. निघताना काहीतरी द्यावं म्हणून पर्समधून एक पाचशेची नोट काढली आणि दुर्गाच्या हातावर ठेवली. बक्षीस म्हणून!

घरात एकदम जीव आला. आतल्या बायका हसायला लागल्या. दुर्गाच्या आईने पदराने डोळे टिपले. वडील पेढ्यांचा खोका घेऊन आले आणि पहिला पेढा स्वप्नीलच्या तोंडात गेला. मुलगी बघायला आलेल्यांनी तिच्या हातावर पैसे ठेवले, की त्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याही हातावर ठेवले होते की सात वर्षांपूर्वी, याच सासूबाईंनी. फक्त ते आणि हे एकच असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. ते माझं लग्न होतं. हे पॅकेज होतं.

आणि मग फाटकाशी दोन गोष्टी एकदमच आल्या. एक आनंदा, धापा टाकत, की ताई, तुम्ही कुणाच्या घरात बसलात, मीराबाई पलीकडच्या गल्लीत भाकऱ्या थापून वाट बघतेय. आणि दुसरी एक जीप, तिच्यातून उतरलेली सहा माणसं, पुढे एक मध्यस्थ आणि मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. मुंबईला नोकरी असलेला. खरा.

त्यांनी खुर्चीत बसलेल्या पानापानांच्या शर्टातल्या स्वप्नीलकडे बघितलं. स्वप्नीलच्या तोंडात पेढा. गिळवेना आणि थुंकवेना.

मुलाचा मामा वडिलांना म्हणाला, "एका दिवशी दोघांना दाखवता काय पोरगी?"

दुर्गाचे वडील खोका हातात तसाच धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्या घराने सारवलेलं अंगण, मागून आणलेल्या खुर्च्या, जांभळी साडी, सगळं माझ्यामुळे हातातून निसटत होतं, आणि सासूबाईंसकट सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

शेवटी मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. की आम्ही मुलगी बघायला आलेलो नाही, पर्यटक आहोत. पॅकेजमध्ये एक घर बघायचं होतं, मी चुकीच्या घरात घुसले. या लोकांनी आम्हाला पाहुणे समजून बसवलं, त्यांचा काही दोष नाही. माझा आहे.

दुर्गाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. सरळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मग मला चालायला काहून लावलं तुम्ही?"

खरं होतं तेच सांगितलं. "व्हिडिओसाठी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. मी तिच्यासमोर व्हिडिओ पुसून टाकला. तिने मान हलवली, जशी दुकानदार सुटे परत मिळाल्यावर हलवतो, तेवढीच.

मामा खुर्ची ओढून बसले आणि घसा खाकरला. ते काही विचारणार, त्याआधीच दुर्गा म्हणाली, "आज मी दोनदा चालले. हात दाखवून झाले. आता बसूनच बोलू."

इस्त्रीच्या शर्टातला मुलगा खुदकन हसला. पुढे काय झालं ते नंतर आनंदा गाइडने सांगितलं. मामांना एवढा ओशाळेपणा आला, की त्यांनी चहा कसा करतेस एवढंसुद्धा विचारलं नाही. मुलानेच पेपरांविषयी विचारलं, आणि आधी पेपर होऊ देत, मग बघू, असं ठरलं. मोडलं नाही एवढं खरं. त्याने माझी लाज कमी झाली असं मात्र नाही.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा दुर्गाची आई बाहेर आली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि मी ऐकायला तयार होते. त्या वाकल्या आणि आरोहीच्या मुठीत पेढ्याची पुडी दिली. लेकरू पहिल्यांदा घरी आलंय, रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणाल्या. गाडीत पुडी उघडली तर पेढ्याखाली माझीच नोट, चार घड्या घातलेली.

मीराबाईंकडे भाकरी खाल्ली. त्यांनी घर दाखवलं. मी काही विचारलं नाही, डब्यांकडे बघितलंही नाही. त्यांना वाटलं असेल, काय ही घुमी बाई. परतीच्या वाटेवर सासूबाई एकच वाक्य बोलल्या, की चेडू खरंच बरा होता. स्वप्नीलने टोपी काढून पिशवीत ठेवली ती अजून काढलेली नाही.

आणि आरोही. घरी आल्यावर सफारीची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. शेजारच्या सुमेधाकाकूंनी विचारलं तर म्हणाली, माकड बघितलं. मिरच्यांची गोष्टही तिने तेव्हापासून बंद केलीय. मला वाटत होतं, लहान आहे, विसरली असेल.

हे इथवर लिहिलं आणि ती उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. जमिनीवर पडलेला वाघ तिने उचलला, फ्रिजला लावला, पडतोय का ते थोडा वेळ बघितलं. मग येऊन माझ्या मांडीवर बसली. वहीत डोकावली. तिला अजून एवढं वाचता येत नाही, म्हणून मी झाकली नाही.

"आई, हे त्या निळ्या घराचं लिहितेस?"

मी हो म्हटलं. ती माझ्या बांगडीशी खेळत राहिली. बाहेर नळाला हवा यायला लागली होती, पाणी आत्ता येईल. मी तिचे केस मागे केले, तेव्हा तिने मान वर करून विचारलं,

"आई, त्या टोपीवाल्या बाईला तू मिरच्या उडवून हाकललंस ना? मग दुर्गाताईने आपल्याला पोहे का दिले?"