गिटार तक्ता अंतिम खरा

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विनीत राऊळने तक्ता ग्रुपवर पाठवला आणि निर्धास्त मनाने आंबोळ्या खायला बसला.

ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारा हा वरिष्ठ लिपिक आठवडाभर फायलींशी झगडायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटारीशी. झगडणारे आणखी तिघे होते: देवबागला पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवणारा दीपेश, हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या किशोरी मॅडम आणि विनीतच्याच कार्यालयाचे अधीक्षक वालावलकर साहेब. महिन्यातून दोनदा चौघे कुणाच्या तरी घरी जमत, भजी खात, चहा पीत आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवत. वेळ फारसा उरत नसे.

साहेबांच्या भाचीला गिटार घ्यायची होती. कोणती घ्यावी यावर मागच्या बैठकीत बरीच चर्चा झाली आणि सरकारी माणसांच्या चर्चेचं जे होतं तेच तिचं झालं.

"विनीत," साहेब म्हणाले, "आपल्या चौघांच्या गिटारींचा एक तुलनात्मक तक्ता कर. किंमत, लाकूड, आवाज, सगळं. आणि ग्रुपवर टाक."

विनीतने शनिवारी संध्याकाळी तक्ता केला. रकाने आखताना हाताच्या सवयीने शेवटचा रकाना आला 'शेरा'. समोर बायको, प्राजक्ता, भाजी निवडत बसली होती. तिला हसवायचं म्हणून त्याने त्या रकान्यात मनातलं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की भाजीतले दांडे ताटात आणि पानं केरात गेली. मग विनीतने तोच तक्ता पुन्हा केला. या वेळी शेरे असे लिहिले की कुणाला खुपू नयेत. एका फाइलला नाव दिलं 'गिटार तक्ता अंतिम'. दुसरीला 'गिटार तक्ता अंतिम खरा'.

दुसरी आंबोळी संपवताना, आपण रेघा किती सरळ मारल्या आहेत हे बघावं, या निव्वळ कौतुकापोटी त्याने ग्रुपवरची फाइल उघडली. घास तोंडातच राहिला.

दीपेश. किंमत बत्तीसशे. लाकूड प्लायवूड. शेरा: 'वाद्य टाकाऊ, वादक उत्तम. तारा इतक्या उंच की खालून बांगडा जाईल. पोटात वाळू.'

किशोरी मॅडम. किंमत नऊ हजार. शेरा: 'वाद्य बरे. सोबतचे पट्टे, चिमटे, स्टँड अतिउत्तम. हे सर्व मांडून होईपर्यंत बैठक संपते.'

आणि वालावलकर साहेब. गोव्यातल्या एका कारागिराने वर्षभर खपून हाताने बनवलेली, शिसवी पाठीची, एक लाख दहा हजारांची गिटार. शेरा: 'वाद्य सर्वोत्तम. कपाटातून बाहेर येत नसल्याने वादकाकडून वाद्याचे नुकसान संभवत नाही. आल्यास श्रोत्यांचे संभवते.'

विनीतने संदेश दाबून धरला. 'हटवा' आलं. खाली दोन ओळी आल्या. त्यातली वरची कोणती नि खालची कोणती हे वाचण्याइतका धीर त्याला नव्हता. त्याने एक दाबली. तक्ता नाहीसा झाला. विनीतने श्वास सोडला आणि मग त्याला कळलं, की आपण दाबलं ते 'माझ्यासाठी हटवा' होतं.

"काय झाला? असा तोंड कित्या केलात?" प्राजक्ताने विचारलं.

"मी मेलंय गो. चुकीचो तक्तो पाठयलंय. मनातल्या शेऱ्यांचो."

"मगे पुसून टाका."

"पुसलंय."

"मगे झाला तर."

"माझ्या फोनातून पुसलंय! तेंच्या फोनात तसोच आसा. आणि आता माका दिसाक पण नाय, कोणी वाचलो, कोणी नाय!"

प्राजक्ताने तवा उतरवला. हे प्रकरण आंबोळी करता करता ऐकण्यातलं नव्हतं. "तेंका फोन करा. सांगा, चुकान गेलो, उघडू नको म्हणान."

"तसा सांगलंय तर हातातला काम टाकून आधी तोच उघडतले."

हे तिलाही पटलं. मग विनीतच्या डोक्यात ती कल्पना आली, जी कुठल्याही शांत माणसाच्या डोक्यात येत नाही. तक्त्याच्या खाली एवढं सामान टाकायचं, एवढं टाकायचं, की तो वर जाऊन गाडला जावा. पुढच्या वीस मिनिटांत विनीतने ग्रुपवर एक्केचाळीस गोष्टी टाकल्या. तोंडवलीच्या किनाऱ्यावरचे नऊ सूर्यास्त. गणपतीतली आरास. प्रवास भत्त्याचं परिपत्रक. चौघांचा एकत्र फोटो. फोटो संपल्यावर कुठून कुठून आलेले सुविचार. 'आयुष्य क्षणभंगुर आहे.' 'आपल्या माणसांची क्षमा मागायला उशीर करू नका.' 'मी नसेन तेव्हा माझी आठवण काढाल ना?' हे तो वाचून टाकत नव्हता. आकाराने मोठं दिसलं की टाकत होता.

पहिला फोन दीपेशचा आला. मागे इंजिनाची धडधड आणि बायकामुलांचा कालवा.

"विनीत, मेल्या, तू बरो आसस मां? खिशात फोन सारखो गुरगुरता. हयसर पर्यटक इचारतत, आवाज कसलो, डॉल्फिन भियाले काय!"

"काय नाय रे. सहज. तू फोन बंद करून ठेव. सगळा पुसून टाक, जागा भरतली."

"सहज? सुविचार? तू?" दीपेशने इंजिन बंद केलं. "प्राजक्ता घराकडे आसा मां?"

"आसा."

"बरा. खंय जाव नको. बस थयसरच." फोन बंद झाला.

दोन मिनिटांनी प्राजक्ताचा फोन वाजला. किशोरी मॅडम होत्या आणि त्या कुजबुजत होत्या. "प्राजक्ता, तू एकटी आहेस ना? घाबरू नकोस. आमच्या शाळेत नुकतंच शिबिर झालं. माणूस असं काही लिहायला लागला की त्याला एकटं सोडायचं नसतं. मी साहेबांना कळवलंय. ते निघालेत."

"साहेब कित्याक?" प्राजक्ता दचकून मालवणीत म्हणाली.

"त्यांना म्हटलं, ग्रुप अगदी पहिल्यापासून वाचा, म्हणजे कळेल काय झालंय ते. ते तर रविवारी फोनला हातच लावत नाहीत."

प्राजक्ताने हे सांगताच विनीतने कपाळावर हात मारला. आपण काहीच केलं नसतं तर साहेबांनी तो तक्ता सोमवारपर्यंत उघडलाही नसता. सोमवारी कचेरीत चहाच्या वेळी त्यांचा फोन मागून घेता आला असता. आता ते पहिल्यापासून वाचत होते, काळजीने, एकही ओळ न गाळता.

साहेबांची क्वार्टर पाच मिनिटांवर होती. त्यांना यायला दीड तास लागला, म्हणजे वाचून झालं होतं. विनीतने खिडकीतून पाहिलं. एप्रिलच्या उन्हात साहेब संथपणे चालत येत होते आणि त्यांच्या हातात गिटारीची काळी पेटी होती. प्राजक्ताने घाईघाईने कोकम सरबत केलं आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं.

साहेब आत आले. बसले. सरबताचा एक घोट घेतला आणि पेला जपून खाली ठेवला.

"तब्येत?"

"बरी आहे साहेब."

"सुविचार वाचले. परिपत्रकही वाचलं, ते जुनं आहे. आणि तक्ता वाचला."

"साहेब, तो जरा..."

साहेबांनी हात वर केला. पेटी उघडली. आतल्या मखमलीवर ती शिसवी पाठ चकाकत होती. बोटांचा एकही ठसा नव्हता. "शेऱ्यात आहे की ही बाहेर येत नाही. आली. आता वाजव."

विनीतने ती तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतली. घामेजल्या बोटांनी तार दाबली. तार खरखरली. दुसरी दाबली, ती मुकीच राहिली. त्याने येत असलेलं एकमेव गाणं अर्ध्यावर सोडलं.

"माझ्या हातातही अशीच वाजते," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळे विनीत जास्तच घाबरला.

तेवढ्यात दारात धाडकन स्कूटर थांबली. दीपेश अर्धी चड्डी, खाऱ्या पाण्याने पांढरा पडलेला शर्ट अशा वेशात, हातात सुरमईची पिशवी घेऊन आत शिरला. "खंय आसा विनीत? जिवंत आसा मां?" विनीत बसलेला दिसला तसा त्याने पिशवी खाली टाकली. "मेल्या, सहा पर्यटक अर्ध्या वाटेत उतरवन इलंय! माझी गिटार टाकाऊ आसा ता बरोबर. पण पोटात वाळू नाय रे, शिंपले आसत. माझ्या बारक्या चेडवान खेळता खेळता टाकल्यान."

मग त्याला साहेबांची गिटार दिसली आणि त्याचा हात तिच्याकडे गेला.

"हात धू," साहेब म्हणाले. "साबणाने. दोनदा."

दीपेशने हात धुतले, शर्टाला पुसले, साहेबांनी डोळे मिटून घेतले. दीपेश जमिनीवरच बसला आणि वाजवू लागला. होळीच्या दिवसांत त्यांच्या वाडीत म्हणतात ती साधी चाल. पण खोलीत कुणीतरी खिडक्या उघडाव्यात तसा आवाज पसरला. खालच्या तारा गंभीर बोलत होत्या, वरच्या हसत होत्या. प्राजक्ता उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या क्वार्टरमधला मिक्सर बंद झाला.

वाजवणं थांबलं.

"तो कारागीर म्हणाला होता," साहेब हळू बोलले, "वाजवत राहा, म्हणजे हिचा आवाज खुलेल. मी ओरखडा पडेल म्हणून..." त्यांनी चष्मा पुसला. "दीपेश, तू ठेव ही. घरी ने. वाजवत जा."

"नको साहेब," दीपेश घाबरून उठलाच. "ही घरात असली तर माका झोप लागाची नाय. माझ्या गिटारीर मी मासळेची पिशवी ठेवतंय. वाऱ्यान दार आपटता तेव्हा तीच आडवी घालतंय. तिका काय झाला तर दुसरी घेईन. हिका काय झाला तर मी काय करू? त्यापेक्षा मी रविवारी तुमच्याकडे येतंय. हात धुवन."

साहेब मान हलवत हसले. तीन वर्षांत ते असे हसलेले विनीतने पाहिले नव्हते. त्याने संधी साधली. "साहेब, त्या शेऱ्याबद्दल माफ करा. मी आत्ता दुरुस्त तक्ता पाठवतो."

"मुळीच नाही. माफी कसली?" साहेबांनी गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि उठले. "विनीत, तीस वर्षं मी शेरे लिहितोय. समाधानकारक, उत्तम, अत्युत्तम. एकही खरा नव्हता. तुझा शेरा वाचला, अंगाला झोंबला, पण कपाट उघडलं. खऱ्या शेऱ्यात काय ताकद असते ते मला आज कळलं."

"साहेबांचा मोठेपणा," विनीत सुटकेने म्हणाला.

"तुझ्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल माझ्या टेबलावर आहे. काल त्यावर पेन्सिलीने 'अत्युत्तम' लिहून ठेवलं होतं." साहेबांनी चपला घातल्या. "रबर शोधतो घरी जाऊन. तुझ्यासारखाच लिहीन, अगदी मनातलं."

ते पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. विनीत दारात तसाच उभा राहिला. अकराला उघडलेल्या फायली, तीनला मिटलेल्या फायली, दुपारच्या वेळी टेबलाखाली बघितलेले गिटारीच्या धड्यांचे व्हिडिओ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"बरा झाला मां?" प्राजक्ता म्हणाली. "साहेब खूश होवन गेले."

विनीत उत्तर द्यायला थांबला नाही. तापलेल्या डांबरावरून तो अनवाणीच धावत सुटला. "साहेब! साहेब, ती पेटी द्या इकडे! मी आणतो घरापर्यंत! उन्हाचं कशाला तुम्ही..."

साहेब थांबले. वळून त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"हेही लिहू का?" त्यांनी विचारलं.