टाकी फुल म्हणू नका

सिंदेवाही तालुक्यात दोनच प्राणी असे आहेत, ज्यांच्या पायाच्या ठशांची लोक चर्चा करतात. एक वाघ आणि दुसरे डिटेक्टिव इस्तारी पचारे. वाघाचा ठसा दिसला की लोक घरात शिरतात. इस्तारीभाऊंचा दिसला की घरात शिरून कडीही लावतात, कारण भाऊ चहा प्यायल्याशिवाय उठत नाहीत.

हे वर्णन खुद्द इस्तारीनंच करून ठेवलेलं. कडीचं आणि चहाचं तेवढं बायकोनं मागून जोडलं.

इस्तारीनं कार्डही छापून घेतलं होतं. एका बाजूला 'डिटेक्टिव इस्तारी पचारे. चोरी, संशय, हरवले-सापडले. गुप्तता पाळली जाईल.' दुसऱ्या बाजूला 'तलावाचे ताजे मासे घरपोच.' आजवर जेवढे फोन आले ते सगळे दुसऱ्या बाजूनं. पण इस्तारी खचला नाही. मासा काय आणि चोर काय, दोघांनाही गळ लागतो, असं त्याचं म्हणणं. आता त्याच्या गळाला मासेही फारसे लागत नसत, जाळं गोकुळाच टाकायची, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळी गोकुळा, म्हणजे त्याची बायको, माशांची टोपली स्कूटीवर बांधत होती.

"अवो दिव्याचे बाबा, एवढे मोठे डिटेक्टिव ना तुम्ही? माह्या नव्या परकराचा नाडा दसऱ्यापासून सापडून नाई राह्यला. तेवढा पाहून द्या."

"गोकुळा," इस्तारी छाती काढून म्हणाला, "वाघाले कोणी उंदराची शिकार सांगत नाई."

"वाघ आंघोळीले जातो पाण्यात. तुम्ही तेही नाई."

तेवढ्यात फोन वाजला. इस्तारीनं सवयीनं विचारलं, "किती किलो पाहिजे?"

"मासे नाई पाहिजे गा!" पलीकडून भैयाजी ओरडला. भैयाजी म्हणजे बायपासवरच्या पेट्रोल पंपाचा मालक. "तीन नंबरची मशीन पेट्रोल सांडवून राह्यली. काल सरपंचाच्या जावयाची नवी गाडी न्हाऊन निघाली. जावईही निघाला. कंपनीचा मेकॅनिक रोज म्हणते आज येतो. तू ये."

इस्तारीला गहिवरून आलं. कार्डाच्या पहिल्या बाजूचा पहिला फोन! त्यानं उन्हाळी टोपी घातली आणि बिडी ओठात ठेवली. डिटेक्टिवच्या तोंडात काहीतरी धूर सोडणारं पाहिजे. पंपावर ती पेटवता येणार नव्हती, म्हणून ती चघळायचं ठरवलं.

पंपाच्या कोपऱ्यात मिथुनचं पंक्चरचं दुकान होतं. मिथुन इस्तारीचा सहायक. या पदावर तो कसा लागला, हे त्याला अजून समजलेलं नव्हतं. एकदा इस्तारीची ट्यूब जोडताना त्यानं नुसतं 'हो भाऊ' म्हटलं होतं, तेवढंच.

"घटनास्थळ मोकळं करा!" इस्तारीनं आल्याआल्या हुकूम सोडला.

"मोकळंच आहे भाऊ," मिथुन म्हणाला. "कालपासून गिऱ्हाइकच नाई या मशीनवर."

तीन नंबरच्या मशीनजवळ रंजीता उभी होती. जंगलातल्या गावातून रोज बसनं यायची. पेट्रोल भरण्यात आणि गिऱ्हाइकाला उत्तर देण्यात तिचा हात कोणी धरत नसे. आज मात्र तिचा चेहरा उतरलेला होता.

भैयाजी खुर्चीवरूनच गरजला. "ही मोबाइल पाहत राहते, मनून सांडते! इस्तारी, आज बाजार उठेपर्यंत दुसरं कारण सापडलं तं ठीक. नाई तं उद्यापासून ही नाई."

"मोबाइल तं तुमच्या टेबलावर जमा असते भैयाजी," रंजीता म्हणाली. मग इस्तारीकडे वळून हळू आवाजात, "भाऊ, तुमच्या हाता-पाया पडते, आज खरंच काहीतरी शोधा. मोहफुलं वेचून विकाले अजून लय दिवस आहे. तोवर माह्या घरची चूल या पगारावर पेटते."

आजवर त्याच्या डिटेक्टिवगिरीवर कोणाची चूल अवलंबून नव्हती. स्वतःचीसुद्धा नाही.

"मले सगळं सांग," तो म्हणाला. "काही लपवू नको."

रंजीतानं नळीचं तोंड हातात घेतलं. पुढं वाकडी लोखंडी सोंड, मागं दाबायचा खटका. "ही सोंड टाकीत खोल जाते. टाकी भरत आली, सोंडेच्या टोकाले पेट्रोल लागलं का टक् करून आपोआप बंद. आता काऊन ते मालूम नाई, पण टक् होतच नाई वेळेवर. पहिले उतू जाते, मंग टक् होते."

"रोज? सगळ्यायले?"

"नाई. शंभर-दोनशेचं टाकलं तं मशीन बरोबर थांबते. कोणी 'टाकी फुल' म्हटलं का गेलं."

इस्तारीनं डोळे बारीक केले. "मिथुन, लक्षात घे. या मशीनले आकडे समजते, मराठी समजत नाई. मशीन बाहेर राज्यातली आहे."

"मंग एक नंबरची मशीन कुठची आहे भाऊ? दोन नंबर तं डिझेलची. पेट्रोलच्या दोघी एकाच गाडीतून उतरल्या."

इस्तारीनं तो मुद्दा ऐकलाच नाही. त्यानं सोंड जवळून पाहिली. तिच्या मध्यावर सुताचा एक काळा, कडक गोळा बसला होता. इस्तारीनं तो ओळखला आणि भक्तिभावानं कपाळाला लावला. दसऱ्याच्या दिवशी पंपाच्या मशीनची पूजा त्याच्याच हातून झाली होती. विळा-कोयता, नांगर, ट्रॅक्टर, मशीन, ज्यावर पोट चालतं त्याची पूजा त्या दिवशी होते. पंडित दुसऱ्या पंपावर अडकला म्हणून भैयाजीनं इस्तारीला बसवलं. इस्तारीनं सोंडेला गणपतीची सोंड मानून लाल धागा सुपारीसकट आठ-दहा वेढे मारून असा आवळला होता, की मशीनच शिंकेल. वर सगळ्यांना दम दिला होता, 'पुढच्या दसऱ्यापर्यंत याले कोणी हात लावाचा नाई. हात लावन त्याचं वाटोळं होईन.' कोणी लावला नव्हता. हाताच्या मळानं आणि धुळीनं धागा आता असा काळा पडला होता, की कंपनीचाच पार्ट वाटावा.

"पूजेचा गंडा पक्का आहे," इस्तारीनं जाहीर केलं. "मनजे नजर, करणी, बाहेरची बाधा, सगळं कॅन्सल. एक शक्यता संपली."

मिथुननं मान हलवली. एक तरी संपली, हेच खूप.

मग इस्तारीचे तर्क सुटले. कालव्याचं दार उघडावं तसे.

"ऊन!" तो म्हणाला. "आपल्या चंद्रपूरच्या उन्हात माणूस फुगते, पेट्रोल नाई फुगन? टाकीत गेलं का पोळीसारखं टम्म."

"दोन्ही मशिनी एकाच पत्र्याखाली आहे," रंजीता म्हणाली. "एकीचंच पेट्रोल काऊन फुगते?"

"मंग दुश्मन. रस्त्याच्या पलीकडं नवा पंप होऊन राह्यला. त्याच्या मालकानं माणूस पाठवला असन."

"त्याच्या नुसत्या भिंती झाल्या भाऊ," मिथुन म्हणाला. "मालक अजून पंपाचं नाव ठरवून राह्यला."

इस्तारी खाली बसला. सांडलेल्या पेट्रोलवर टाकलेल्या वाळूत पायाचे ठसे होते. त्याचे डोळे चमकले. डावी चप्पल, टाच आतून झिजलेली, अंगठ्याजवळ खिळा ठोकलेला. हा खिळा म्हणजे गुन्हेगाराची सही! तो ठशांच्या मागं वाकून चालू लागला. मशीनला एक फेरी झाली. ठसे वाढत गेले. दुसरी फेरी झाली.

"दोघं आहे रे मिथुन! आता एकसारख्या चपलेचे दोघं झाले! टोळी आहे!"

"भाऊ," मिथुननं शांतपणे विचारलं, "तुमच्या डाव्या चपलेले तो खिळा कोणं ठोकून देला होता?"

"तूच तं देला."

मिथुननं वाळूकडं बोट दाखवलं. बऱ्याच वेळानं इस्तारीनं आपला पाय उचलून पाहिला.

"गुन्हेगार हुशार आहे," तो म्हणाला. "माह्यासारख्याच चपला घालते."

रंजीताला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. रस्त्यानं बाजाराची माणसं भाजी घेऊन परतायला लागली होती. भैयाजी खुर्चीवरून एकदा त्यांच्याकडं आणि एकदा तिच्याकडं पाहत होता.

आता प्रयोगाशिवाय गत्यंतर नव्हतं. इस्तारीनं स्वतःची मोटारसायकल आणली, टाकीचं झाकण उघडलं आणि शत्रूच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "टाकी फुल!"

मिथुन दहा पावलं मागं सरकला. रंजीतानं सोंड लावली, खटका दाबला. इस्तारीनं टाकीवर कान ठेवला. डिटेक्टिवचे कान तीक्ष्ण असतात. आतून घळघळ, मग गळगळ, मग थेट कानातच.

टक्!

"झाला का टक्?" इस्तारीनं कान झाडत विचारलं.

"झाला भाऊ. तुम्ही ओले झाल्यावर."

मिथुन धावत आला आणि आधी त्यानं इस्तारीच्या तोंडातली बिडी काढून फेकली. मग खिशातली काडेपेटी काढून घेतली. मग त्याला ओढत नळाखाली नेलं. सिंदेवाहीचा एकमेव डिटेक्टिव आंघोळ करत असल्याचं गावानं प्रथमच पाहिलं.

ओल्या अंगानंच इस्तारी परतला. त्याच्याकडं शेवटचा उपाय होता. सगळ्या संशयितांना एका जागी जमवायचं आणि एकेकाकडं बोट दाखवायचं. ज्याला घाम फुटेल तो चोर. त्यानं सगळ्यांना पत्र्याखाली उभं केलं.

"भैयाजी! तुम्हीच सांडवता का, कंपनीकडून नवी मशीन फुकट भेटावी मनून?"

"तुले फुकट बोलावलं तेच मले महाग पडून राह्यलं," भैयाजी म्हणाला. पण त्याला घाम फुटला होता. इस्तारी आनंदला. मग त्याच्या लक्षात आलं की घाम सगळ्यांनाच फुटलाय. उकाडाच तसा होता.

"मिथुन! पेट्रोलनं ट्यूब सडते. ट्यूब सडली का पंक्चर. पंक्चर झालं का तुहा धंदा!"

"पेट्रोल टाकीवर सांडते भाऊ. माणसाची पॅन्ट सडन. मी का टेलर आहो?"

इस्तारीचं बोट रंजीताकडं वळलं आणि तिथंच थांबलं. ती त्याच्याकडे अशी पाहत होती, की बोट आपोआप वाकडं झालं आणि त्यानं त्या बोटानं नाक खाजवलं. हिला घालवून केस सुटणार होती. फार सोपं होतं. भैयाजीला तेच पाहिजे होतं.

"ही नाई," तो पुटपुटला. "कोण आहे ते मले समजून नाई राह्यलं. पण ही नाई."

डिटेक्टिव इस्तारी पचारेंच्या आयुष्यातला हा एकमेव बरोबर निष्कर्ष. तोही त्यांनी पुराव्याशिवाय काढला.

"मंग बाजार उठला," भैयाजी खुर्चीवरून उठत म्हणाला. "रंजीताबाई, मशीनची चाबी दे."

पींऽऽ पींऽऽ! मागून हॉर्न वाजला. रिकामी टोपली बांधलेली स्कूटी घेऊन गोकुळा उभी होती.

"बाजू व्हा न गा! एक नंबरवर एवढी लाइन आणि इथी मोकळी मशीन सोडून पंचायत भरवून राह्यले! रंजीता, टाकी फुल कर व. उद्या नवरगावचा बाजार आहे."

"फुल नका म्हणू बाई," रंजीता म्हणाली. "सांडते."

"काऊन सांडते? टाक बरं सोंड."

रंजीतानं सोंड लावली. गोकुळा वाकून पाहू लागली. गिऱ्हाइकानं एक किलो मासा मागितला की तराजूच्या काट्यावर जशी नजर ठेवायची, तशी.

"ही तं आतच जाऊन नाई राह्यली. वरतेच अडकली. मंग टोकाले पेट्रोल कवा लागन? गळ्यापर्यंत आल्यावर! हे काय गुंडाळलं आहे इथी?" आणि तिनं त्या काळ्या गोळ्याला नख लावलं.

"हां हां! पूजेचं आहे!" इस्तारी ओरडला. "वाटोळं होईन!"

पण गोकुळा थांबली नव्हती. नख लावल्यावर काळ्याखालून लाल रंग दिसला. तिनं टोकाची गाठ चाचपली. ही गाठ आसपासच्या गावात एकच बाई घालत होती, गोकुळा स्वतः. जाळ्याची गाठ. बापानं लहानपणी शिकवलेली, पाण्यात ओढली तरी सुटत नाही, आणि सोडवायची कशी ते घालणाऱ्यालाच ठाऊक. गोकुळानं त्या गाठीत खोचलेलं दुसरं टोक चिमटीत धरून झटका दिला. वेढे सुटले. सुपारी टुणकन खाली पडली आणि वाळूत घरंगळत गेली.

दोन-तीन हात लांब लाल नाडा तिच्या हातात लोंबकळत होता.

"हा तं माह्या परकराचा नाडा!"

एक नंबरची लाइनसुद्धा वळून पाहू लागली.

रंजीतानं सोंड पुन्हा लावली. ती सर्रकन खोल गेली, पूर्ण. खटका दाबला. सगळे सवयीनं मागं सरकले. घळघळ, घळघळ, घळ... टक्.

एक थेंबही नाही.

रंजीतानं डोळे मिटून श्वास सोडला. मग सावकाश डोळे उघडले आणि म्हणाली, "भैयाजी, दसऱ्याले हे बांधलं कोणं होतं?"

सगळ्या माना एकाच दिशेनं वळल्या. त्या दिशेला इस्तारी उभा होता, अंगावरून अजून थोडं पेट्रोल गाळत.

"म्या... देवाजवळचा धागा समजून आणला होता," तो म्हणाला.

"देवाजवळचा?" गोकुळा म्हणाली. "शिलाई मशीनजवळ होता तो! आणि आठ दिवस मले म्हणता, वाघाले उंदराची शिकार सांगू नको! हे पाहा, उंदीर कोण निघाला ते!"

इस्तारीनं विचार केला. पळायला जागा नव्हती. मग त्याला एकदम हसू आलं, असं की टोपी खाली पडली. त्यानं डाव्या हातानं स्वतःचीच कॉलर पकडली.

"भैयाजी, गुन्हेगार सापडला! पळू देऊ नका याले, लय बदमाश आहे! आणि लिहून घ्या, एका दिवसात दोन केसी सुटल्या. पेट्रोलची आणि नाड्याची."

"दोन्ही बायकोनं सोडवल्या," मिथुन म्हणाला.

"आणि दोन्हीत चोर एकच," रंजीता म्हणाली. आता ती मनापासून हसत होती, पोट धरून.

भैयाजी परत खुर्चीवर बसला. चाबी रंजीताच्याच कमरेला राहिली. त्यानं आतून चहा मागवला आणि पहिला कप तिच्यापुढं सरकवला. इस्तारीचा हात कपाकडं गेला तेव्हा भैयाजी म्हणाला, "याले नाई. याच्या जवळ गरम काही नेऊ नका."

गोकुळानं नाडा नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. "आता हा परकरात घालू कशी? चुलीजवळ बसली तं मी गेली. चला, बाजार पुरा उठला नाई अजून. नवा घेऊन द्या."

"चालत?"

"मंग का माह्यामागं बसता? पेट्रोलचा डबा मागं घेऊन मी गाडी चालवू?"

मिथुन म्हणाला, "भाऊ, तुमची गाडीही इथीच राहू द्या. वाळू द्या जराशी."

इस्तारी पायीच निघाला. पुढं स्कूटी, मागं तो, वाळूत डाव्या चपलेचा खिळा उमटवत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन तीन नंबरवर आला आणि ओरडला, "टाकी फुल कर व बाई!"

रंजीतानं सोंड खोल घातली आणि दूर चाललेल्या इस्तारीला हाक मारली.

"इस्तारीभाऊ! पुढच्या दसऱ्याले तुम्ही घरीच राहाजा. आपट्याचं सोनं मी आणून देईन."