उघड्या माइकाचा वारसा

वारसा न मागता मिळतो, यातच त्याचे थोरपण आहे. एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला, की पहिल्याने उघडलेले सगळे (फाइली, कॅमेरा, माइक) दुसऱ्याच्याही हाती उघडेच राहते. आईने आपले बंद केले तरी लेकराची मूठ सुटत नाही. त्या कंपनीत याला परंपरा म्हणत.

कंपनी लायब्ररी बनवी, म्हणजे जगभरच्या प्रोग्रामांना लागणारे आयते सुटे भाग. परंपरेच्या मुळावर तिथे एकटी झाकणताई उठली होती. बाटली, डबा, पेन, दिसेल त्याचे झाकण लावत फिरे, म्हणून हे नाव. तिचे म्हणणे साधे होते: लेकराला आपण होऊन काही देऊ नये, लागेल तेवढे सांगून द्यावे. त्यासाठी तिने लायब्ररीच्या कोडमधली एकच ओळ बदलली होती. नवी आवृत्ती आज बाहेर पडणार होती. आज समितीच्या बैठकीत मंजुरी हुकली की ओळ बारगळली.

बैठकीच्या प्रोग्रामने माइक उघडला. समितीच्या साहेबांनी विचारले, "ताई, आजवर कुणाची तक्रार आली का?"

"कळलं तर करतील ना, साहेब!"

हे उत्तर उद्धट ठरले. फुकटचे बंद केले तर लोक बोंबलतील, असे अनुभवी मंडळींचे मत पडले. (अनुभव बोंब ऐकण्याचा.) ताईला जेवायला पाठवण्यात आले.

जेवणाची वेळ होताच बैठकीच्या प्रोग्रामने रोजच्यासारखा कॅन्टीनच्या घंटेचा प्रोग्राम सुरू केला. मग साहेबांनी माइक रीतसर बंद केला. खाली कॅन्टीनच्या भोंग्यातून घंटा वाजली आणि पाठोपाठ त्याच भोंग्यातून साहेब वाजले.

"बसू दे तिला झाकणं लावत! आणि ती खालची फौज? निम्मे नुसते चरायला येतात."

चमचे हवेत थांबले. मग जो तो दुसऱ्या निम्म्यांकडे कीव करून पाहू लागला. ताईला हसता हसता ठसका लागला. तशीच ती जिने चढून गेली आणि दार ढकलून म्हणाली, "साहेब, आली तक्रार! अख्खं कॅन्टीन आलंय!"

साहेबांनी बंद माइक पुन्हा एकदा बंद केला. समितीने तत्परतेने ठराव केला: ताईंची ओळ एकमताने मंजूर; मात्र ती मुळात बंद असेल, हवी त्याने चालू करावी.

"म्हणजे झाकण दिलं, पण बाटलीशेजारी ठेवलं!" ताई म्हणाली. तिला रडूच यायचे बाकी होते.

"लोकांवर सक्ती कशाला?" साहेब म्हणाले. "अटींच्या शेवटच्या पानावर सगळं लिहिलेलं असेल की."

आवृत्ती त्याच संध्याकाळी जगभर गेली. आपल्या फोनातही आली असेल. ओळ चालू कशी करायची, हे सांगायची गरज नाही. ते पान आपण वाचलेच आहे. खाली 'वाचले, मान्य आहे' यावर बोट आपणच टेकवले होते. ताईचा एवढाच निरोप आहे, की जेवताना साहेबांविषयी जरा हळू बोला.