धुळीचा मूळ पत्ता

धुळीलाही मूळ गाव असतं आणि ते शोधल्याशिवाय देशाची प्रगती होत नाही. कारधा गावच्या लोकांना हे उशिरा कळलं, कारण त्यांच्यापैकी कोणी धुळीची कधी चौकशीच केली नव्हती.

वैनगंगेच्या काठी पार्वताबाईंच्या घरामागे पिवळ्या मातीचं टेकाड आहे. ही माती नसून तीस हजार वर्षांपूर्वी वाऱ्यानं आणून टाकलेली धूळ आहे, असं धूळ-उगम शोध समितीनं जाहीर केलं. (समितीत नऊ सदस्य. पैकी दोघांना धुळीची ॲलर्जी असल्यामुळे ते गाडीतूनच देखरेख करत.)

बावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून पार्वताबाई भीमजयंतीआधी याच मातीनं घराच्या भिंती पोतारत. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, माती काढली की खड्डा उघडा ठेवायचा नाही, चुलीतली राख भरायची. पुढे सासूबाई गेल्या, चूल गेली, गॅस आला. तरी शेजारणीकडून घमेलंभर राख मागून आणून त्यांनी नेम चालू ठेवला.

समितीनं खोदलं, तर तीन फुटांवर राख लागली आणि राखेत जळका धानाचा कोंडा. भोवतालची धूळ तीस हजार वर्षांची, म्हणून राखही तेवढीच. शास्त्र असं सरळ असतं. समितीप्रमुख साहेबांनी राख चिमटीत धरून सर्वांना दाखवली.

"थे राख आमची हाय जी साहेब," पार्वताबाई म्हणाल्या. "वरची माही, खालची माह्या सासूची."

"आजी, तुमचं वय किती?"

"सत्तर."

"आणि थराचं तीस हजार. आता तुम्हीच सांगा, आम्ही मोठ्यांचं ऐकायचं की नाही?"

पार्वताबाईंचं म्हणणं अहवालात 'स्थानिक दंतकथा' या सदरात घेण्यात आलं. धुळीचा उगम असा निघाला: बेचाळीस टक्के वायव्येकडचं वाळवंट, एकतीस टक्के सुकलेली नदीपात्रं, सव्वीस टक्के इतर, एक टक्का मतभेद. राख मात्र अद्याप न सापडलेल्या, तांदूळ पिकवणाऱ्या एका अतिप्रगत संस्कृतीची. (भंडारा जिल्ह्यात तांदूळ पिकतो, हे समितीच्या कानावर घालण्यात आलं. समितीनं तो योगायोग मानला.)

टेकाड संरक्षित झालं. त्याला सर्वांत मोठा धोका त्याला टेकून असलेल्या घराचा, म्हणजे पार्वताबाईंच्या. पंधरा दिवसांत घर रिकामं करण्याची नोटीस आली.

"आई, कायले चूप बसून राहिल्या? जा नं, सांगा त्याइले!" सून दीपमाला कडाडली.

पार्वताबाई समितीच्या कचेरीत गेल्या. तिथले बाबू मोठे समंजस. म्हणाले, "राख तुमची ठरली तर घर वाचते, आजी. नमुना तुमच्या चुलीशी जुळवून पाहू. चूल कुठाय?"

"मोडली नं बाप्पा. गॅस आला तवा साहेब लोकच म्हणे, चूल मोडा, मंग फोटो काढू."

बाबूंनी सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'अर्जदारानं पुरावा स्वतः नष्ट केला.'

घर पाडायला सव्वा तास लागला. भिंतींवर बावन्न वर्षांचं पोतारण एकावर एक चढलेलं होतं. जेसीबीचा दात लागताच ते पिवळंजर्द उठलं आणि वाऱ्यावर निघून गेलं. पार्वताबाई पदर नाकाला लावून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. ते कुठं गेलं याचा तपास कोणी केला नाही. जेमतेम बावन्न वर्षांची धूळ अभ्यासाला फारच कोवळी.

त्या आठवड्यात ती तुमच्या खिडकीत येऊन बसली होती. "कुठून येते एवढी, कोण जाणे," असं म्हणत तुम्ही ओलं फडकं फिरवलंत. उत्तरासाठी मात्र थांबला नाहीत.