मामांची गादी आणि चाळीस कपांचे कान

बबल रॅपचा भाव ऐकून टाचणीसाहेब दुकानाची एक पायरी खाली उतरले, आणि खरं म्हणजे सगळं तिथंच सुरू झालं. (बबल रॅप म्हणजे ते बुडबुड्यांचं प्लास्टिक. नाजूक वस्तू त्यात गुंडाळतात आणि चांगली शहाणीसुरती माणसं ते चोरून टप्‌टप् फोडत बसतात.)

"एवढे?" टाचणीसाहेब म्हणाले. "अहो, आत नुसती हवा आहे!"

"हवेचे कोण घेतोय, साहेब?" दुकानदार म्हणाला. "हवा फुकटच आहे. ती धरून ठेवायचे पैसे."

टाचणीसाहेबांनी "बघू" म्हटलं आणि घरचा रस्ता धरला.

टाचणीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते आवक-जावक सांभाळत. जुन्या फायलींमधल्या टाचण्या काढून, ठोकून सरळ करून ते पुन्हा वापरत, म्हणून कचेरीनं हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते शिवी वाटत नसे, पदवी वाटे. पगार बरा होता, घर स्वतःचं होतं. पण जी वस्तू कुठंतरी फुकट मिळू शकेल ती विकत घ्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई.

त्यांची बायको चिनी मातीचे कप करायची. मागच्या गॅलरीत चाक होतं, कोपऱ्यात विजेची छोटी भट्टी होती आणि घरातल्या प्रत्येक दाराच्या मुठीला माती लागलेली होती. तिच्या प्रत्येक कपाचा कान निराळा असे. एकाचा मांजराच्या शेपटीचा, एकाचा वेलीचा, एकाचा नुसताच रुसल्यासारखा वाकडा. फोटो इंटरनेटवर टाकले की लोक वाहवा करत, पैसे भरत आणि वाट बघत. मग पार्सल पोचे आणि वाहवा बंद होई. कारण कप पोचायचा, कान तुटायचा. एका गिऱ्हाइकानं तर लिहिलं होतं, "कप आणि कान दोन्ही मिळाले. जोडलेले मिळाले असते तर अधिक आनंद झाला असता."

पॅकिंगचं खातं टाचणीसाहेबांनी आपण होऊन मागून घेतलं होतं. औषधांच्या दुकानातून खोकी, चपलांच्या दुकानातून खोकी, आणि आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे. खर्च शून्य. फक्त चिकटपट्टी विकत घ्यावी लागे, आणि तेवढंही त्यांच्या मनाला लागे.

अशात एका चहाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी एकदम चाळीस कपांची ऑर्डर दिली. बायको दोन आठवडे चाकाला चिकटून बसली. शेवटचा कप भट्टीतून काढल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, यातला एक जरी कान तुटला ना, तर मी चाक विकून टाकणार. पुन्हा शिकवण्या धरीन. लोकांची बोलणी खाऊन कंटाळले मी."

ती ओरडून बोलली असती तर टाचणीसाहेबांना काही वाटलं नसतं. ओरडणं म्हणजे नेहमीचं. हळू आवाजात ती जे बोलायची ते करायची. आणि चाक जावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. चाकावर बसली की ती गुणगुणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपली बायको गुणगुणते हे त्यांना चाक घरात आल्यावरच कळलं होतं. ते सकाळचा चहा मुद्दाम गॅलरीच्या दाराशी पीत.

म्हणूनच ते बबल रॅपच्या दुकानापर्यंत गेले होते. आणि म्हणूनच रिकाम्या हातानं परतताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. (लाज वाटत होती, परत फिरावंसं मात्र वाटलं नाही.)

घरी आले तर बायको मामांना घेऊन फिरायला गेली होती. मामा म्हणजे बायकोचे मामा. तिचे वडील लवकर गेले, तेव्हा याच मामांनी तिला लहानाची मोठी केली. त्यामुळे मामांच्या केसालाही धक्का लागलेला तिला खपत नसे, आणि मामांना केस फारसे नसल्यानं ती बाकीच्या सगळ्याला जपे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते भाचीकडे येऊन राहिले होते. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. सध्या काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या गादीवर दिवसभर पडून असत.

त्या रिकाम्या गादीकडे टाचणीसाहेबांचं लक्ष गेलं. निळ्या पट्ट्यांचं कापड, जाडजूड, जुन्या काळातली. एका कोपऱ्यातली शिवण उसवली होती आणि तिथून कापसाचा पुंजका बाहेर डोकावत होता.

त्यांनी तो ओढला. मऊ होता. सहज म्हणून त्यांनी एक कप आणून त्यात बसवला, खोक्यात घातला, आणि धीर करून खोकं टेबलावरून खाली सोडलं. कप शाबूत. कपाटावरून सोडलं. शाबूत. कान जसाच्या तसा. टाचणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात आनंद किती आणि बचत किती हे सांगणं कठीण आहे.

'मूठभरच घेऊ,' असं त्यांनी ठरवलं.

चाळीस कपांना किती मुठी लागतात, हा हिशेब आवक-जावकवाल्या माणसाला यायला हवा होता. रोज संध्याकाळी मामाभाची फिरायला गेले की टाचणीसाहेब गादी उलटी करत, कापूस काढत, आणि जेवढा काढला तेवढ्या जागी वर्तमानपत्रं भरत. गादीची उंची कमी व्हायला नको, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. मग शिवण घालत. एकदा बायको लवकर परतली आणि हातात सुई-दोरा बघून दारातच थांबली.

"काय करताय?"

"काही नाही. शर्टाचं बटण लावत होतो."

"तुम्ही बनियनवर आहात."

"म्हणजे, लावणार होतो. शर्ट सापडला की."

बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी खोक्यातला कापूस पाहून तिनं विचारलं, "हा कुठून पैदा केलात?"

"एका ठिकाणी नुसता पडून होता," टाचणीसाहेब म्हणाले. (हे खोटं नव्हतं. कापूस पडूनच होता. त्याच्यावर मामाही पडून होते, एवढंच सांगायचं राहिलं.)

"बाई गं! किती छान!" ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्याकडे बघून हसली. त्या हसण्यावर टाचणीसाहेबांनी मामांच्या गादीचं पायथ्याकडचं पूर्ण टोक रिकामं केलं.

गुरुवारी चाळीस कप रवाना झाले. शुक्रवारी सकाळी मामा म्हणाले, "जावईबापू, गादीत खरखर आहे."

टाचणीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "खरखर?"

"कूस बदलली की येते. कमरेपाशी जास्त, पायाशी तर एकदम स्पष्ट." मामा गादीवर पालथे पडले, कान लावला आणि दोन बोटांनी ठोकून बघू लागले. सगळी हयात त्यांनी असंच ठोकून दोष शोधला होता. "काहीतरी हलतंय आत. मी सांगतो, उंदीर आहे."

"उंदीर!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आणि मामांचा डोळा ताजा!"

"छे, उंदीर कसला," टाचणीसाहेब घाईघाईनं म्हणाले. "जुनी गादी आहे, कुरकुरणारच. वय झालं की माणसंसुद्धा कुरकुरतात."

"म्हणजे मामांचा कान चुकतोय म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही..."

"डोळा गेला, आता कानही गेला म्हणा," मामा खिन्न होऊन म्हणाले, आणि बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की टाचणीसाहेबांनी ताबडतोब उंदीर मान्य केला. वर आवाज आपणही ऐकल्याचं सांगितलं.

मग सगळं पटापट ठरलं. रविवारी सकाळी गादीवाल्याला बोलवायचं, गच्चीवर नेऊन गादी उसवायची, उंदीर हाकलायचा.

अजून वेळ होता. शनिवारी टाचणीसाहेब गुपचूप कापूस घ्यायला गेले. एवढा कापूस भरायला किती लागतील हे ऐकल्यावर त्यांना कळलं की बबल रॅपवाला दुकानदार हा किती सज्जन माणूस होता. त्या पैशांत त्यांनी चाळीस कप काय, कप करणाऱ्या बाईसकट सगळं घर बबल रॅपमध्ये गुंडाळलं असतं. आता शहाण्या माणसानं डोळे मिटून पैसे मोजले असते. टाचणीसाहेब "बघू" म्हणाले. कुठं स्वस्त मिळतो का हे बघत ते दुकानं हिंडले, आणि हिंडता हिंडता दुकानं बंद झाली.

रविवारी गच्चीवर अर्धी इमारत जमली. शेजारच्या काकू खराटा घेऊन आल्या. खालच्या मजल्यावरचे वकील नुसतेच आले. मामा खुर्चीवर बसले होते, हातात काठी उगारलेली होती आणि काळ्या चष्म्यामुळे तिचा रोख वकिलांवर होता. टाचणीसाहेब पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. तुटलेल्या कानांचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. स्वतःचे राहिले तरी पुष्कळ होतं. माणसानं बायकोच्या मामांच्या अंगाखालची गादी उपसावी, तीही मामांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असताना! हे तिला कोणत्या शब्दांत सांगणार? 'मूठभरच घेणार होतो' हे वाक्य त्यांनी मनात चार वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी ते जास्तच वाईट ऐकू आलं.

गादीवाल्यानं पातं चालवलं. निळं कापड फाटत गेलं. सगळे मागे सरकले. आणि आतून कागद बाहेर आले. चुरगाळलेले, घडी केलेले, गुंडाळलेले. एका बाजूला कापूस होता तो केवळ तोंडदेखला.

गादीवाल्यानं एक कागद उचलला, हुंगला, मान हलवली आणि निकाल दिला.

"उंदीरच."

"काय?" टाचणीसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"उंदराचंच काम आहे, साहेब. कापूस बाहेर नेतो, कागद आत आणतो. बाळंतपणाची तयारी असते ती. आम्ही रोज बघतो."

"पण कागदांच्या घड्या?" काकूंनी विचारलं.

"मुरलेला उंदीर आहे. हात बसलाय त्याचा."

"आणि शिवणही घातली होती हो वरून," वकील म्हणाले.

गादीवाला जरा थांबला. पण एवढ्या लोकांसमोर दिलेला निकाल फिरवणं त्याला शक्य नव्हतं. "काही काही उंदीर असतात," तो म्हणाला.

"मी म्हणत नव्हतो?" मामा खुर्चीवरून ओरडले. त्यांचा चेहरा फुलला होता. "कान शाबूत आहे माझा! खरखर म्हणजे खरखर!" त्यांनी काठी ठेवली आणि भाचीच्या हातावर थोपटलं. गादी गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. आपण म्हातारे झालो नाही, याचाच त्यांना हर्ष झाला होता.

टाचणीसाहेबांना आयुष्यात प्रथमच उंदीर या प्राण्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली. इतकं हलकं त्यांना लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. "बिचारा," ते गादीवाल्याला म्हणाले, "त्यालाही पोराबाळांचं बघायला हवंच की."

तेवढ्यात बायकोच्या फोनवर निरोप आला. तिनं पाहिलं आणि ती जवळजवळ किंचाळलीच. "चहाच्या दुकानातून! ऐका, ऐका. 'चाळीसच्या चाळीस कप पोचले, सगळे कानासकट. इतकं प्रेमानं केलेलं पॅकिंग आम्ही आजवर पाहिलं नाही. आणखी साठ कप...'"

गच्चीवर टाळ्या झाल्या. मामांनी तर उभं राहून वाजवल्या. बायकोचे डोळे भरून आले होते. चाक आता कुठंही जाणार नव्हतं, हे टाचणीसाहेबांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि त्यांनाही हुंदका आला. ते तिच्या खांद्यावरून निरोप वाचायला वाकले.

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या तिनं मोठ्यानं वाचल्या नव्हत्या. 'ता. क. कापसाबरोबर गादीच्या कापडाचा एक तुकडा आला आहे, निळ्या पट्ट्यांचा. जपून ठेवला आहे. हवा असल्यास कळवावे.'

बायकोनं फोनकडे पाहिलं. मग पायाशी पडलेल्या निळ्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. टाचणीसाहेब टाकीकडे पाहत होते. टाकीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिनं फोन बंद केला आणि गादीवाल्याला म्हणाली, "गादी पुन्हा भरा. कापूस उत्तमातला घाला, अगदी ठासून. हे देतील पैसे."

"हो हो, देतो की," टाचणीसाहेब म्हणाले. भाव माहीत असूनही ते ताबडतोब 'देतो' म्हणाले, हे इमारतीत पुष्कळ दिवस कौतुकानं सांगितलं जात होतं.

लोक खाली गेले. मामांचा हात धरून बायकोही निघाली. जिन्याच्या तोंडाशी तिनं मामांना कठडा धरायला दिला आणि दोन पावलं परत आली. टाचणीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. तिच्या ओठांचे कोपरे हलत होते, पण ते त्यांना मिटल्या डोळ्यांनी कसं दिसणार?

"अहो, तो उंदीर भेटला तर त्याला एक निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, कापूस फार छान आणलास. चाळीसही कान वाचले. पण मामांच्या गादीला पुन्हा तोंड लावलंस तर गाठ माझ्याशी आहे."

"सांगतो," टाचणीसाहेब पुटपुटले. छातीवरचा धोंडा उतरला. सुटलो, असं वाटून त्यांनी डोळे उघडले.

"आणि हेही सांगा. साठ कप पुढच्या महिन्यात जायचे आहेत. तेव्हा आपल्या पलंगावरच्या गादीची खिडकीकडची बाजू त्याला दिली म्हणावं."

ती मामांना घेऊन जिना उतरू लागली, आणि उतरता उतरता गुणगुणू लागली. टाचणीसाहेब ते ऐकत उभे राहिले. खिडकीकडच्या बाजूला ते स्वतः झोपत असत.